मापाचा कॉम्प्युटर

४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उमेदवारीवर का होईना, आर्किटेक्टच्या ऑफिसात माझा शिरकाव झाला! अपंग मुलांच्या शाळेचा आराखडा माझ्याकडे आला आहे. त्या इमारतीत फिरून आल्यासारखं वाटेल अशी चित्रफीत कॉम्प्युटरवर बनवायची. जमली तर नोकरी कायम, नाही तर नारळ. काम मात्र खोलीवर, स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायचं.

तुम्ही फोनवर म्हणालात, तयार घे. मी दुकानं पालथी घातली. वरून सगळे चकचकीत, पण माझ्या कामाला लागणारं ग्राफिक्स कार्ड लेचंपेचं, आणि पुढे बदलायचं म्हटलं तर आत जागाच नाही. म्हणून सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार आहे. रागावू नका. रेडीमेड कपड्यांच्या नावानं जन्मभर बोटं मोडणाऱ्या टेलरच्या मुलीनं दुसरं काय करावं? घरातली पहिली पदवी मी काय नुसती भिंतीवर टांगायची?

आईला नमस्कार. लोभ आहेच, शिवणीत दाबून ठेवता तसा थोडा जादाही असू द्या.

तुमची,
खटपटी

१० ऑगस्ट

चि. खटपटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. शाळेचं ऐकून तिचे डोळे भरले, पुढचं वाचून माझे पांढरे झाले.

टोमणा पोचला. पण बाईसाहेब, शिलाई मशीन मी विकतच आणलं, घरी नाही जोडलं. कपडा चुकला तर ठिगळ लावता येतं, तिथे ठिणगी उडाली तर काय लावशील? तयार घेतला तर बिघडल्यावर दुकानदाराची मानगूट तरी धरता येते. तूच जोडलास तर कोणाची धरणार? परीक्षा नोकरीची आहे, हौसेची नाही.

तरी तू ऐकायची नाहीस. खोड माझीच आहे. आईचा निरोप, ओले हात लावू नकोस. त्या पेटीची लांबी, रुंदी, उंची तेवढी कळव. कशाला, ते विचारायचं नाही.

आमचा जीव तिथे टांगणीला आहे, त्याला पत्रांचा टेकू देत जा.

तुझे बाबा

२२ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चालू झाला!

जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले. प्रोसेसर अलगद बसवला, मुंगीएवढे स्क्रू पिळले, तारा ओवल्या. बटण दाबल्यावर पंखे गरगरले, पण पडदा काळा ठिक्कर! खोलीतली मैत्रीण नर्स आहे; ती म्हणे, नाडी बघू का. शेवटी कळलं, मेमरीची पट्टी अर्धवट बसली होती. मोडेल या भीतीनं मी जोरच लावला नव्हता. अंगठ्यानं दाबली, खट् झालं, आणि पडदा उजळला. आम्ही दोघी इतक्या नाचलो की खालच्या बिऱ्हाडानं छताला झाडू ठोकला.

आणि आज तुमचं पार्सल! काय गवसणी शिवली आहे! आत अस्तर, बटणासाठी काज, मागे तारांपुरती फट. एक सुरकुती नाही. चालू असतानाही काढावी लागू नये म्हणून काज ठेवलंत, म्हणजे कमालच. मी ती काढतच नाही.

माया आहे तशीच घट्ट राहू द्या.

तुमची,
खटपटी

२९ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घात झाला. चित्रफीत बनत असताना कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. उघडून तपासते तेव्हा शहाण्यासारखा वागतो. गवसणी घालून कामाला बसले की पुन्हा तेच. सोमवारी दाखवायचं आहे. चाकाच्या खुर्चीतलं मूल उतारावरून कुणाच्या मदतीशिवाय वर जातं, तेवढाच भाग राहिला आहे, आणि तोच मला सगळ्यात प्रिय आहे. मैत्रीण म्हणते, तयार कॉम्प्युटर भाड्यानं आण. कदाचित तुमचंच बरोबर होतं.

आज जास्त लिहवत नाही. आठवण असू द्या.

खटपटी

४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बसा. नोकरी कायम झाली!

तो परत बंद पडला तेव्हा हताश होऊन मी त्याच्यावरच डोकं टेकलं, तर गालाला चटकाच बसला. गवसणी तव्यासारखी तापली होती! आतली गरम हवा बाहेर जायला त्याला जाळ्या असतात, आणि त्या सगळ्या तुमच्या अस्तराखाली. बिचारा भर उन्हात कोट घालून धावत होता. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं. मला होतं, पण गवसणीच्या कौतुकात मी आंधळी झाले. काढली आणि तो जो सुटला, तो मूल उतार चढून जाईपर्यंत थांबला नाही.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी एकच विचारलं, उताराला कठडा दोन्ही बाजूंना कशाला, आराखड्यात तर एकच आहे? मी म्हटलं, दोन्ही हात सगळ्यांचेच सारखे चालत नाहीत. त्यांनी तिथेच सहायकाला आराखडा बदलायला सांगितलं. बाबा, शाळेला खरोखरच दोन कठडे होणार!

गवसणीचं कळवू नये असं वाटलं होतं. पण मग तुम्ही दिसेल त्या कॉम्प्युटरला कोट शिवत सुटला असता.

हसून झालं की आशीर्वाद द्या.

तुमची,
खटपटी

९ सप्टेंबर

चि. खटपटीस,
अ. उ. आशीर्वाद.

आई इतकी हसली की मला दुकानाचं दार लावून घ्यावं लागलं. माप तंतोतंत होतं, हे मात्र कबूल कर. गिऱ्हाइकाला मी नेहमी विचारतो, हे घालून बसायचं की काम करायचं? या गिऱ्हाइकाला विचारायचं राहून गेलं.

तू पाठवलेली चित्रफीत आई फोनवर भिंग धरून बघते, तरी ते मूल तिला नीट दिसत नाही. तेव्हा आम्हालाही एक कॉम्प्युटर हवा. कोपऱ्यावरच्या दुकानात तयार मिळतो, पण तो आणलात तर घरात घेणार नाही, असं तिनं मला बजावलं आहे. सुटे भाग घेऊन तूच ये. जोडायला हवे तितके दिवस लाव. आम्हाला मुळीच घाई नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेले,
तुझे आई-बाबा