साठीपुढची जोडी

शिरवळ,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मित्र लालासाहेब यास,

आप्पासाहेबाचा जय भीम, आणि मंगलवहिनींना नमस्कार.

इकडं आम्ही दोघं बरे आहोत. थंडी यंदा चांगली पडलीय. पलूसला तुझ्या उसाला तोड मिळाली का? वहिनींना मी बऱ्याचदा फोन केला. त्या दरवेळी म्हणतात, "भाऊजी, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." सकाळी केला तरी तुझा डोळा लागलेला, संध्याकाळी केला तरी लागलेला. मी काय समजायचं ते समजलो. फोन तू उचलणार नाहीस, पण आलेलं पत्र न वाचता ठेवायची तुला सवय नाही. पलटणीत तर दुसऱ्यांचीही वाचायचास.

अक्षर जरा मोठं आलंय. पेन नवीन आहे.

तर पहिल्यांदा खेळाची बातमी. गड्या, अडुसष्टाव्या वर्षी माझा गोल्फ सुधारलाय. हसू नको. छावणीच्या मैदानावर आपण गवत कापता कापता, साहेब लोकांचं बघून शिकलो. सगळी मदार दंडावर. चेंडूवर जुना राग काढल्यासारखा घाव घालायचा आणि तो झाडीत गेला की एकमेकांना शिव्या द्यायच्या. आता तेवढा दंड राहिला नाही, तेव्हा डोकं वापरावं लागतं. लांबचा फटका मी सोडूनच दिला. काठी खांद्यापर्यंतच नेतो, सावकाश आणतो. जड लोखंडी काठ्या देऊन हलक्या दांड्यांच्या घेतल्या. खेळायच्या आधी कंबर आणि खांदे मोकळे करून घेतो. पूर्वी आपण गाडीतून उतरून थेट मारायला उभे राहायचो. आणि सरावाचा सगळा वेळ झेंड्याजवळच्या बारक्या फटक्यांना. लांब मारण्यात जवान पोरं आपल्याला मागं टाकतात, पण चेंडू भोकाजवळ आला की त्यांचे हात थरथरतात, आपले नाही.

आता दुसरी बातमी. तुझी वहिनी, अंजना, खेळायला लागलीय.

तुला आठवत असेल, ती आरोग्य केंद्रातून निवृत्त झाल्यावर मी तिला मैदानावर चल म्हणालो होतो, तर काय म्हणाली. "अख्खी नोकरी वाड्यावस्त्या पायी तुडवण्यात गेली. आता चेंडूमागं कशाला हिंडू?" पण दोन वर्षांपूर्वी ती माझ्याबरोबर यायला लागली. चालणं होतं म्हणून. मी मारायचा, ती चेंडू कुठं पडला ते सांगायची. एक दिवस माझे सलग तीन चेंडू ओढ्यात गेले. ती म्हणाली, "आणा बघू हिकडं." साडीचा पदर खोचला, काठी घेतली आणि मारला. फार लांब गेला नाही, पण दोरी लावल्यासारखा सरळ. मला म्हणाली, "तुमी त्याला मारता. त्याला नुसतं ढकलायचं आसतं."

तेव्हापासून ती रोज येते. आता पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालते. पटर हातात घेतला, म्हणजे भोकाजवळची ती सपाट काठी, की तिचा चेहरा लहान पोराला इंजेक्शन देताना व्हायचा तसा होतो. शांत. घाई नाही, दया नाही.

डिसेंबरात इथं साठीपुढच्यांची जोडीची स्पर्धा झाली. तीच, जिच्यात आपण दोघं दरसाल उतरायचो. जोडीला एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. तुझ्या छातीच्या ऑपरेशननंतर तू काठ्या माळ्यावर टाकल्यास. गेल्या साली मी नाव दिलंच नाही. यंदा अंजनाचं आणि माझं दिलं. सेक्रेटरी उदयसिंह भला माणूस, पण त्यालाही अवघड झालं. म्हणाला, "सुभेदारसाहेब, वहिनी आल्या तर आनंदच हाय. पण पुण्याची लय तयारीची माणसं येत्यात. उगं त्यांना वाईट वाटायला नको."

अंजना शेजारीच उभी होती. म्हणाली, "कुणाला? त्यांना की मला?"

उदयसिंहनं नाव लिहून घेतलं.

खेळ कसा झाला ते सगळं सांगत बसत नाही. मी दोनदा चेंडू वाळूच्या खड्ड्यात घातला, तिनं दोन्हीदा बाहेर काढला. तिचा एक फटका बांधाला लागून मागं आला, त्यावर ती दिवसभरात एकदाच हसली. पण शेवटच्या होलवर काय झालं ते सांगायलाच पाहिजे.

तिनं पहिला मारला, ओढ्याच्या अलीकडं मधोमध. दुसरा माझा. ओढ्यावरून पलीकडं टाकायचा. मी उभा राहिलो आणि मला झेंडा सापडेना. ऊन समोरून होतं. मी मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. पुण्याची जोडी मागं खोळंबली होती. त्यातला एकजण हळूच म्हणाला, "आजोबांना पाणी द्या कोणीतरी."

अंजना माझ्यामागं येऊन उभी राहिली. आवाज अगदी रोजचा. "आवं, डाव्या हाताला लिंबाचं झाड हाय. दिसलं? आता थोडं उजवीकडं, पांढरा दगड. त्याच्यावरून मारा. ओढा लांब न्हाई, तुमच्या नेहमीच्या फटक्याचाच हाय."

मी मारला. चेंडू कुठं गेला ते मला कळलं नाही. तिनं काठ्यांची पिशवी उचलली. मग म्हणाली, "चला. आता माझं काम हाय."

चेंडू हिरवळीच्या कडेला पडला होता, भोक पार दुसऱ्या टोकाला, मधे उतार. तिनं खाली बसून उतार बघितला, उठली आणि ढकलला. मग भोकात चेंडू पडल्याचा तो आवाज आला. लालासाहेब, तो आवाज मी जन्मभर ऐकतोय, पण त्या दिवशीसारखा कधी ऐकला नव्हता. पाण्याचं बोललेल्या माणसानं टोपी काढली आणि तिच्यापुढं मान लववली.

आम्ही दुसरे आलो. तू आणि मी कधी चौथ्याच्या वर गेलो नव्हतो, हे तुला मुद्दाम सांगतो.

बक्षीस दिल्यावर उदयसिंह तिला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, साहेबांच्या डोळ्यांचं काय हाय का?" मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं. अंजना म्हणाली, "त्यांना काय झालंय? सगळा दिवस खेळले की तुमच्या समोर." एवढंच. चहाला गेली.

ती माझं झाकून ठेवते. पण तुझ्यापासून मला झाकायचं नाही. मला काचबिंदू झालाय. उजवा डोळा जवळजवळ गेला. डाव्यानं समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. रोज थेंब घालतो, ऑपरेशनही झालं. आहे ते टिकेल म्हणतात, गेलं ते येणार नाही. पायाशी ठेवलेला चेंडू मला स्वच्छ दिसतो. एकदा उडाला की माझ्या नळीतून निघून जातो. म्हणून अंजना माझ्याबरोबर यायला लागली होती, चालायला नाही. तुला कळवलं नाही, कारण तू बिछान्यावर होतास. आणि दुसरं म्हणजे, तू म्हणाला असतास, "आप्पा, आता बस झालं रं." ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मला तेवढंच एक भय होतं.

आता तुझं. मंगलवहिनींकडून कळलं, डॉक्टर तुला रोज चाल म्हणतात आणि तू गॅलरीतून उठत नाहीस. छाती शिवलेला माणूस जोरात मारू शकत नाही, बरोबर आहे. पण जोरात मारायचंच नाही, हे मी वर एवढं लिहिलंय ते उगीच नाही. मागच्या रविवारी मी नऊ होल पुरे केले. गुडघा दुखला, रात्री झोप मस्त लागली.

माझं तुझ्याकडं एक काम आहे आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मैदानावर सगळे म्हणतात, अंजनाचा लांबचा फटका बघण्यासारखा आहे. हळू उठतो, मधे थांबल्यासारखा वाटतो आणि अलगद उतरतो म्हणे. गड्या, मी तो आजवर एकदाही पुरा बघितलेला नाही. काठीच्या आवाजावरून मी चांगला-वाईट ओळखतो. कसा होता विचारलं तर ती म्हणते, "बरा हुता." तिच्याकडून यापलीकडं काही कळायचं नाही.

तुझे डोळे शाबूत आहेत. तू ये. खेळू नको वाटलं तर खेळू नको, माझ्या शेजारी उभा राहा आणि ती मारेल तेव्हा चेंडू कुठून कसा जातो ते मला नीट सांग.

जेवढं दिसतं तेवढ्यानं तुझी वाट बघणारा,
आप्पासाहेब