सांध्यातलं वार्निश

सोम., ३ नोव्हें.
नानांनी तार गुंडाळलेला फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरचा पहिला लॉट आज टेस्टिंगला माझ्याच टेबलावर. बाप वाइंडर, लेक तपासनीस. मीटरचा आकडा कमी. प्रोब बदलले, मीटर बदलला, तरी कमीच. आमचे सुपरवायझर आहेर सर मागून, "काय गं, घरचा माल बघताना हात कापतोय?" सगळे हसले. मीही.
सिन्नरहून येताना बसमध्ये तोच विचार. वळसे कमी पडले? नाना वळसे चुकवत नाहीत. पाढ्यांआधी मला वळसेच शिकवले त्यांनी.

मंगळ., ४
एक पीस उघडला. वळसे बरोबर. दोष सांध्यात. फेराइटच्या गाभ्याचे दोन अर्धे कोरडे, स्वच्छ, अंगाला अंग लावून बसवायचे. नानांनी मध्ये वार्निश लावलंय! लोखंडी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला जन्मभर लावत आले, तसंच. तेवढ्या थराने फट पडली, म्हणून आकडा कमी.
हे ई-रिक्षाच्या चार्जरमध्ये जाणार. लोक रात्रभर घरात लावून ठेवतात.
सरांना बोलले नाही. लोखंडी कामं आता येत नाहीत, हे काम मीच मागून घेतलं नानांसाठी. आणि मीच...

बुध., ५
जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.
"मग काय कोरडं सोडू? तुझ्या कंपनीचं काम. दोन हात मारलेत."
आई : "पंख्याखाली वाळवत बसले होते, मला हात लावू देईनात."
 भाकरी ताटात तशीच.

गुरु., ६
सर : "थोडाच फरक आहे ना? दे ढकलून. तुझ्याच वडलांचा माल, तुलाच बरं."
लोडवर लावून बघते म्हटलं. थोड्याच वेळात इतका तापला की हात ठेवता येईना. सगळ्या लॉटला नापासाचे लाल स्टिकर.
"धन्य आहेस बाई. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आणा म्हणावं, नाहीतर दुसरा वाइंडर बघतो."

शुक्र., ७
नानांना सांगितलं. हातातली तार त्यांनी खाली ठेवली. मग, "स्टिकर तू लावलेस?"
"हो."
"वार्निश खरवडून निघेल?"
"फेराइट कपबशीसारखं असतं नाना, कड उडते. आणि एकदा उडली की पीस बाद..."
"मला शिकवू नकोस."

शनि., ८
दुपार. नाना बाहेरच्या खोलीत. थिनरचा वास इथपर्यंत. मी मदतीला गेले तर, "तू तपासणारी. लांबच बस."
खरवडल्याचा आवाज येतोय, अगदी हलका. मध्येच थांबतो. थांबला की मला इथे बसवत नाही.