हळदीच्या पाण्यात धुतलेली अंडी

नामक्कल,
१४ फेब्रुवारी

चि. सौ. तामरै हिस वडिवुवहिनीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही तिकडे चेन्नईत बरे असाल. ऊन आतापासूनच तापलंय. शेडमधल्या कोंबड्या माना टाकतात, तुझे अण्णा भर दुपारी पत्र्यांवर पाणी मारत असतात. आमचा कुणाचाच फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

अम्मा आजारी आहेत. तुझी कयल गेल्यापासून त्यांचं जेवण कमीच झालं होतं, पोंगलनंतर सुटलं. चमच्यानं पेज घालते, अर्धी बाहेर येते. तू अंगणात सगळ्यांसमोर त्यांना म्हणालीस, "माझी पोर गिळलीस, भरलं का आता पोट?" ते त्यांनी जपून ठेवलंय. पानावर बसवलं की म्हणतात, "माझं पोट भरलंय."

तू तसं बोललीस तेव्हा मला बरं वाटलं होतं.

कयलला न्हाण आलं ते सुट्टीत, आमच्याकडे. तुला रजा मिळेना. तुझ्या अण्णांनी मामाच्या रीतीप्रमाणे झावळ्यांची झोपडी बांधली, तिला तिथं बसवलं. तुझा फोन आला. "वहिनी, कच्चं अंडं अजिबात देऊ नका. बलक घट्ट होईपर्यंत उकडा. तडकलेलं तर घरातसुद्धा आणू नका." मी "हो बाई" म्हटलं. सोळा वर्षं या घरात मी अंडी हाताळते. तू नर्स झालीस, म्हणून मला अंडं उकडायला शिकवायचं? माझ्या न्हाणाला मी अकरा दिवस कच्ची अंडी तिळाच्या तेलाबरोबर गिळली. माझी कंबर बघ आणि तुझी बघ.

अम्मांनी तुझं ऐकलं. रोज दोन अंडी उकडून माझ्या हाती द्यायच्या. त्यांना वाकून झोपडीत शिरता येत नव्हतं. आत मी जात होते.

ती उकडलेली अंडी मी खाल्ली.

कयलला शेडमधली दिली. तडकलेली होती. हळदीच्या पाण्यात घासून धुतली होती. पुढे डॉक्टर म्हणाले, धुतल्यानं कवचावरची घाण आत जाते, आणि कधी जंतू आधीपासूनच आत असतात. साल्मोनेला असं नाव सांगितलं. उकळीनं मरतो म्हणाले. हळदीनं नाही.

"मामी, वास येतोय."

"नाक धर आणि गीळ. सासरी गेल्यावर पण आईला फोन लावणार आहेस का?"

"सासरी पण तूच येशील वाटतं अंडी घेऊन!" म्हणाली आणि हसली.

मग तिचं नाक मीच धरलं.

तिसऱ्या दिवशी ताप आला. उलट्या, जुलाब, मग रक्त. "आईला सांग," म्हणाली. मी म्हटलं, नजर लागलीय. सोळाव्या दिवसाच्या न्हाण-समारंभाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. मधेच झोपडीतून बाहेर काढली तर लोक काय म्हणतील, हे मनात. पाणी मागायची. पाण्यानं जुलाब वाढतील म्हणून मी तांब्या लांब ठेवला. अम्मांना सांगितलं, झोपलीय. असे दोन दिवस.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "परवा आणली असती तर सलाइनवर वाचली असती. कच्ची अंडी कुणी दिली?"

मी भिंतीकडे बघत होते. अम्मा म्हणाल्या, "मी."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. झोपडीमागे टाकलेली कवचं त्यांनी पाहिली होती. उकडलेल्याचा चुरा होतो. कच्च्याच्या दोन वाट्या राहतात. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "तामरैला आई नसली तरी चालेल आता. माझ्या मुलाच्या लेकरांना आई लागेल."

मी पाया पडले नाही. बस किती वाजता आहे, ते विचारलं.

काल त्यांना म्हटलं, "अम्मा, तामरैला खरं सांगू का?"

"काही सांगू नकोस. एकदा नुसती येऊ दे. फोन लावलास का?"

"लावला. उचलत नाही."

रोज विचारतात, रोज हेच सांगते. शेजारणीच्या फोनवरून लावला तर तू उचलशील, हे मला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत पोचशीलसुद्धा. पण तू समोर बसलीस, हात धरलास, तर त्यांच्या तोंडून निघून जाईल. तुझे अण्णा आता दारातच बसलेले असतात, ऐकतील.

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस. फार तर तीन.

हे पत्र साध्या टपालानं टाकते आहे. चेन्नईला पोचायला चार लागतात.

हातात पडलं की आंघोळ करून घे.

तुझी,
वडिवु