थांबाबाईच्या गोठ्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंदा गायी पाळणे, या भागात थांबाबाई म्हणून सर्वांना ठाऊक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. वय झालं आहे, ऐकू कमी येतं, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने मी हे करत नाही; मला धाक दाखवणारे केव्हाच दमून घरी बसले. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला सवड मिळाली नाही.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाला द्यावी. त्याची बायको, म्हणजे माझी सून, तिथे हक्काने राहील हे वेगळं लिहायची गरज नाही, तरी वकिलांनी लिहायला लावलं. मुलगा गुणी आहे, माझ्यावर जीव टाकतो. पण एक मोठी कंपनी मुलूखभरची गुरं गोळा करून एका छपराखाली ठेवणार आहे, आणि आपला कळप तिला विकावा असं त्याने मनात घेतलं आहे. परवाच म्हणाला, "आई, तुझ्यानंतर शेण कोण काढणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर कलम चारमध्ये आहे. तो कळप कोणत्याही परक्या कळपात मिसळू नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कलम दोन. दुधाच्या किटल्या, चारा कापायचं यंत्र, खुरं कापायच्या कात्र्या आणि फाटकातलं औषधी पाण्याचं कुंड, हे सगळं गोठ्याबरोबर जाईल. कुंड सासूबाईंनी बांधलं. त्यांच्या काळी सरकारला आमच्या गोठ्याचा पत्ताही नव्हता. कायदा एकच, सासूबाईंचा. दुसऱ्याच्या गोठ्यातून आलेल्या माणसाने पाय बुडवूनच आत यायचं, आणि नवं जनावर महिनाभर वेगळं बांधायचं. त्यांच्यानंतर "थांबा!" असं ओरडायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या सख्ख्या भावाला मी नव्या कोऱ्या बुटांसकट कुंडात उभं केलं आहे. तो वर्षभर बोलला नाही, पण गायी धडधाकट राहिल्या.

कलम तीन. माझ्या कपाटातलं पितळी कुलूप माझ्या धाकट्या दिरांना द्यावं. ते त्यांचंच आहे असं मी समजते.

त्याचा खुलासा असा. दुधाचे नियम आले, ते मी पाळले. जनावरांच्या कानात बिल्ले आले, तेही मारून घेतले. मग हुकूम निघाला की दर तिमाहीला सगळी गुरं तपासणीच्या आवारात आणावीत. मी जाऊन पाहिलं, तर साऱ्या भागातली गुरं एकाच हौदावर तोंड घालत होती. मी निरीक्षक साहेबांना म्हटलं, "तपासायचं असेल तर माझ्या दारी या. चहा देईन, पाय धुवायला पाणीही देईन."

"बाई, नियम म्हणजे नियम. तुमच्यासाठी वेगळा काढू का?"

"काढा की! सगळ्यांसाठीच काढा."

मी गुरं नेली नाहीत, ही खबर दिरांनी कचेरीत पोचवली आणि वर माझ्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, आता बसा दूध पीत!" साहेबांनी दुधाच्या खोलीला हे कुलूप ठोकलं, विक्री बंद केली. रोज मी दूध मोरीत ओतायचे. माझे यजमान तोंड फिरवून उभे राहायचे, पण 'गायी ने' असं एकदाही म्हणाले नाहीत. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते.

पुढच्याच तपासणीनंतर लाळ्या-खुरकुताची साथ आली. गोठेच्या गोठे ओस पडले. दिरांचा तर एकही खूर उरला नाही. आमच्या गोठ्यात मात्र साधी लाळही गळली नाही! साहेबांनी घरोघर फिरून नकाशा काढला, आणि साथ आवारातूनच पसरली हे वरिष्ठांपुढे उभं राहून सांगितलं. त्यापायी त्यांची बढती गेली. त्याच नकाशावरून नवा नियम झाला: निरीक्षकाने दारी जावं, आणि प्रत्येक गोठ्याच्या फाटकात कुंड असावं. साहेबांनी स्वतः येऊन कुलूप काढलं आणि माझ्या हाती दिलं. सासूबाईंचा कायदा सरकारी शिक्क्यानिशी छापून आला, तेव्हा मी तो मोठ्याने वाचला आणि भर दुपारी रस्त्यात नाचले. लोकांनी पाहिलं. पाहू देत!

पुढे या भागातले बहुतेक गोठे माझ्याच कालवडींवर पुन्हा उभे राहिले. पहिली कालवड मी दिरांना दिली. आभार त्यांच्या तोंडून अजून बाहेर पडायचे आहेत, तोवर कुलूप सांभाळावं.

कलम चार. गोठा, कळप आणि चाऱ्याची जमीन माझ्या पश्चात माझ्या सुनेला द्यावी. लग्न होऊन आली तेव्हा ती शेणाला नाक मुरडायची. आज अडलेली गाय तिच्या हाकेने शांत होते. कळप विकू नये, मिसळू नये.

इथवर वकिलांनी सर्वांसमोर वाचलं. मुलगा म्हणाला, "तिला झेपेल. मीच कबूल करत नव्हतो." सून मात्र उठून उभी राहिली.

"आई, मला हे नको."

आयुष्यभर राखलेला कळप एका वाक्यात गेला असं वाटलं.

"तुमच्या पश्चात नको," ती म्हणाली. "द्यायचं तर आज द्या. मी चुकले तर ओरडायला तुम्ही हव्यात ना!"

वकील म्हणाले, "अहो, मग हे मृत्युपत्र नाही, बक्षीसपत्र होतं!"

"होऊ दे," मी म्हटलं, आणि भर सभेत रडले. आनंदाने रडले, तशी नोंद व्हावी.

सबब कलम चार, आणि कलम दोनमधली अवजारं व कुंड, या मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहेत. बक्षीसपत्र आजच करून दिलं आहे. गोठ्यावर आता माझा कसलाही हक्क उरलेला नाही.

सही आटोपते. धारेची वेळ झाली, मालकीणबाईंनी हाक मारली आहे.

सही: थांबाबाई
साक्षीदार: १. निवृत्त पशुनिरीक्षक (कुलूप ठोकणारे तेच). २. शेजारचे चारावाले.
ठिकाण: गोठ्यालगतची खोली.
दिनांक: शिक्क्यात आहे तोच.