इराचं वाळवंटी शहर

स्लायगो, आयर्लंड, रविवार संध्याकाळ

इराला, माझ्या लेकीला, अमेरिकेतल्या तिच्या युनिव्हर्सिटीत सोडून दुपारी घरी आले. बाहेर पाऊस. बॅग अजून उघडलेली नाही.

तिला तिथे आवडू नये असं मला वाटत होतं का? होतं. पावसात वाढलेली मुलगी, त्या वाळवंटात कंटाळेल, इथे जवळ गॉलवेलाच शिकते म्हणेल. पण कॅम्पसवरच्या उंच निवडुंगांमधून ती तिथलीच असल्यासारखी चालत होती.

बेचैन झाले ती मीच. जुन्या शहरात फिरताना एका मातीच्या भिंतीला सहज हात लावला. सूर्य मावळून गेला होता, तरी भिंत गरम. सोलापूरला उन्हाळ्यात आमच्या गच्चीचा कठडा असाच तापलेला असायचा. इतकी वर्षं आयर्लंडमध्ये काढली, अशी भिंत हाताला लागली नाही. माझा पायच निघेना.

"आई, आर यू ओके?" इराने विचारलं.

"अगदी सोलापूर वाटतंय गं. मीच राहू का इथे?"

ती हसली. "डोन्ट बी सिली. यू विल बी ग्रँड वन्स यू गेट होम."

होम म्हणजे स्लायगो. तिच्या दृष्टीने बरोबरच आहे. त्या भिंतीचं तिला काय सांगणार होते मी?

मघाशी तिचा फोन आला. मागे मुलींचा गोंगाट. मध्येच आवाज खाली आणून तिने विचारलं, "आई, जेवलीस का?" मराठीत! एरवी कितीही सांगितलं तरी इंग्रजीच.

"हो, जेवले," म्हणाले. खोटंच. फोन ठेवून उठले आणि एकटीपुरता भात लावला.