धाकट्याचं बिनचूक पत्र

३ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या पुस्तकाची प्रूफं तपासून डोळ्यांच्या खाचा झाल्यात. सध्या धडा स्वल्पविरामाचा आहे: यादीतले शब्द त्याने वेगळे करायचे, शेवटच्या दोघांत 'आणि' घालायचा. तुझं मागचं पत्र तिथे 'चुका दुरुस्त करा' म्हणून छापावं असं आहे. दूध गोळ्या छत्री घरमालक बाबांचा खोकला, सगळं एका दमात! लहानपणी बाबा तुला यापायीच रागवायचे.

पण बाबांच्या तपासणीचं काय झालं, ते लिहिलंच नाहीस. जिवाला चैन नाही. काही असेल तर प्रूफं कुणाच्या तरी गळ्यात मारून येते.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

ताई

९ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल आहे. बाबा वेळेवर जेवतात, फिरायला जातात, वर्तमानपत्र वाचतात आणि शांत झोपतात. डॉक्टरांनी रक्त, छाती आणि हृदय तपासले. काळजीचे कारण नाही. तरी तू काम सोडून येऊ नयेस, ही विनंती.

आहे तो लोभ असाच वाढत राहावा.

तुझा,
धाकटा

१३ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. एकही चूक सापडली नाही आणि तिथेच शंका आली. अक्षर तुझं, पण असा स्वल्पविराम तू जन्मात दिला नाहीस. बाबा मागे येरझाऱ्या घालत चिन्हांसकट सांगत होते ना? आणि ते म्हणे शांत झोपतात! घोरून भिंती हलवणारा माणूस तो.

खरं काय ते कळव, मी रागावणार नाही. काल एक अख्खं पान न वाचताच पुढे दिलं, इतकी मी ठिकाणावर नाही.

तुमच्या दोघांवर जीव असलेली,
ताई

१७ जून

ताई नमस्कार

बाबांनीच सांगून लिहवलं आणि शपथ घातली पुढच्या सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे डॉक्टर धोका आहे म्हणाले सह्या मी केल्या तिच्या कामात खोडा घालू नकोस म्हणून बाबा माझ्यावर ओरडतात पण आज सकाळी तुझी घडीची खाट माळ्यावरून काढायला लावली आपल्या खाटेला खेटून मांडून घेतली आणि धापा टाकत चादर स्वतः घातली तू ये

धाकटा