ड्रॅगनचा लाल डबा

मंगळवार, संध्याकाळ

सुऱ्याला दवाखान्यात दाखल करून आलो. राग अजून शमला नाही. धाकटा भाऊ माझा, कबनूरला यंत्रमाग चालवतो. पाठीच्या ऑपरेशननंतर अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांची सवय लागली. डॉक्टर त्या हळूहळू कमी करत होते. ह्या शहाण्यानं एकदम बंद केल्या आणि आठ दिवस चिनी जडीबुटी घेतली! लाल डबा, वर ड्रॅगन. रोज कामावरून येताना, म्हशी समोर पिळून दूध देतात त्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधातून. औषध चीनचं, अनुपान कोल्हापूरचं! आज घामानं निथळत, पाय झाडत पडलेला सापडला.

डॉक्टर म्हणाले, "तिकडं चीनमध्ये वैद्य माणूस तपासून औषध देतात. ह्या डब्यात काय आहे कुणाला ठाऊक?" डब्यावर ना वैद्याचं नाव, ना मुळीचं. ड्रॅगन तेवढा ठळक.

"मला विचारायला काय झालतं रे?" मी सुऱ्यावर खेकसलो.

"तुला? तू हसला असतास, दादा. न्हायतर पेपरातल्या तुझ्या रविवारच्या विनोदी लेखात घातलं असतंस की."

'औषध चीनचं, अनुपान कोल्हापूरचं' हे वाक्य मला त्याला उचलून दवाखान्याचा जिना चढतानाच सुचलं होतं. आणि मी मनात खूश झालो होतो.